नागझिऱ्यात जिराफ नाही : लहानग्यांचे ‘शैक्षणिक’ खेळ कसे पारखावेत?

घरात तीन-चार वर्षांचे मूल असले की मोबाइलचा प्रश्न टळत नाही. सकाळी डबे करायचे असतात, धानाच्या हंगामात शेतावर जायचे असते, रमजानमध्ये इफ्तारची गडबड असते. मूल पायात घोटाळते, रडते. मग अम्मी, दादी किंवा मोठी आपा त्याच्या हातात मोबाइल देते आणि स्वतःची समजूत घालते, ‘निदान शिकण्याचा गेम तरी लावून दिलाय.’ या समजुतीत खरे किती आणि खोटे किती, हे आम्ही या लेखात तपासून पाहणार आहोत.

मोबाइल द्यावा की देऊ नये, यावर उपदेश भरपूर झाला आहे. दरम्यान मोबाइल घरोघरी पोहोचलाही. ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२२ मध्ये हे प्रमाण जवळपास ७५ टक्के झाले. ज्या घरात मोठ्या भावंडासाठी फोन आला, त्याच घरात धाकटेही आहे आणि तेही त्या पडद्यावर बोट फिरवते. म्हणून आता विचारायचा प्रश्न वेगळा आहे. जो खेळ आपण मुलाला देतो, तो खरोखर काही शिकवतो का? आणि हे आई-वडिलांनी ओळखायचे कसे?

पाटी कोणीही लावू शकतो

पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. ‘शैक्षणिक’ हा शब्द म्हणजे कुठल्या परीक्षेत पास झाल्याचा दाखला नव्हे. औषधाच्या बाटलीवर परवान्याचा क्रमांक असतो, शाळेच्या पुस्तकामागे मंडळ असते. मोबाइलवरच्या खेळाला ‘शिका आणि खेळा’ असे नाव त्याचा बनवणाराच देतो.

असा प्रकार मोठ्या देशांतही घडला आहे. अमेरिकेत ‘बेबी आइन्स्टाइन’ नावाच्या चित्रफिती तान्ह्या मुलांसाठी फार खपल्या. त्या पाहून बाळ हुशार होते, अशी पालकांची समजूत झाली होती. मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या गटाने तक्रारी केल्या. अखेर २००९ मध्ये डिस्ने कंपनीने चित्रफिती परत करणाऱ्या पालकांना पैसे देऊ केले. शिकलेसवरलेले पालकही नावाला भुलले होते. तेव्हा आपल्या घरातली आई भुलली तर तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या हाती पारख देणे महत्त्वाचे.

आधी वय, मग खेळ

खेळ कितीही चांगला असला तरी वयाची मर्यादा ओलांडून तो चांगला राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. त्यानुसार एक वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको आणि एक वर्षाच्या मुलालाही नको. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे म्हणणेही असेच आहे : दोन वर्षांपर्यंत काहीच नाही, फक्त परगावच्या नाना-नानींशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत तासाची मर्यादा, आणि तीही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली.

हा एक तास म्हणजे मुलाचा रोजचा हक्काचा कोटा नव्हे, ती वरची हद्द आहे. त्यात टीव्ही आणि छोटे व्हिडिओही मोजायचे. जेवताना आणि झोपण्यापूर्वीच्या तासात फोन नकोच.

कोसबाडच्या टेकडीवरचा धडा

लहान मूल शिकते कसे, हे आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी दाखवून दिले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालवाडीचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यातली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार तिथलाच. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती. म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने, मातीची भांडी हीच त्यांची साधने झाली. मूल बिया मोजत होते, पाने लावत होते, वास घेत होते, शेजारच्या मुलाशी भांडत आणि बोलत होते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून देशभर सुरू झालेल्या अंगणवाडीच्या नावातही ते अंगण राहिले.

आता याच्या शेजारी आजचे संशोधन ठेवून पाहू. २०१५ मध्ये अमेरिकेतील बालमानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची ॲप कशी जोखावीत, यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्यांनी चार गोष्टी पाहायला सांगितल्या. मुलाचे डोके चालते का? मन एका जागी टिकते का? शिकलेले त्याच्या जगण्याशी जोडले जाते का? आणि त्यात दुसऱ्या माणसाची सोबत आहे का? कोसबाडच्या बिया आणि पाने या चारही प्रश्नांना ‘होय’ म्हणतात. मोबाइलवरचा खेळ किती प्रश्नांना ‘होय’ म्हणतो, ते पाहू. त्यासाठी आम्ही एक जागा निवडली आहे : गोंदिया जिल्ह्यातले नागझिरा.

नागझिऱ्याची कसोटी

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. २०१३ मध्ये नवेगाव आणि शेजारच्या जंगलांसह ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. इथे वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, सांबर, चितळ, नीलगाय, चौसिंगा आणि रानकुत्री आहेत. सभोवती धानाची शेते, तलाव, मोहाची झाडे आहेत. धानाच्या बांध्यांत सारस पक्ष्याची जोडी दिसणारा हा महाराष्ट्रातला दुर्मिळ भाग आहे.

आता बालवाडीच्या वयाचा प्राण्यांचा कुठलाही लोकप्रिय खेळ उघडा. सिंह, जिराफ, झेब्रा, पेंग्विन, कांगारू समोर येतात. यातला एकही प्राणी नागझिऱ्यात नाही. साकोली, तिरोडा किंवा सडक अर्जुनीच्या मुलाला ‘झेड फॉर झेब्रा’ येते, पण घराच्या छपरावरून उडी मारणारे वानर, अंगणातले मुंगूस, शेतातला सारस यांचे नाव त्याच्या खेळात कधी येत नाही. दूरचे प्राणी मुलाला दाखवूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. मुलाला जिराफही आवडतो आणि आवडू द्यावा. पण जवळचे काहीच नसेल, तर शिकलेला शब्द चिकटायला जागा राहत नाही.

आवाजाचे पाहा. खेळात प्राण्यावर बोट ठेवले की आवाज येतो. वाघावर ठेवले, डरकाळी. माकडावर ठेवले, चीत्कार. प्रत्येक आवाज सुटा. जंगलात मात्र आवाजांचे एकमेकांशी नाते असते. वाघ किंवा बिबट दिसला की चितळ इशाऱ्याची हाक देते, झाडावरचे वानर खाकरते, आणि ते ऐकून वाटाड्या गाडी थांबवतो. ‘चितळ ओरडले, म्हणजे कोणीतरी आले असेल’ हा विचार चार वर्षांच्या मुलाला करता येतो. याचे कारण काय, पुढे काय होईल, असा विचार करायला लावणारा खेळ मुलाचे डोके चालवतो. नुसते बोट लावून आवाज काढणारा खेळ म्हणजे दाराच्या घंटीसारखा. मजा येते, पण घंटी वाजवून कोणी शहाणे होत नाही.

तिसरी गोष्ट, वेगाची. बऱ्याच खेळांत दर काही सेकंदांनी फुगे फुटतात, तारे पडतात, टाळ्या वाजतात. त्यामुळे मूल गुंतले आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचे मन क्षणाक्षणाला उचलून दुसरीकडे टाकले जात असते. जंगलात काही दिसायला वाट पाहावी लागते. पक्षीनिरीक्षक किरण पुरंदरे नागझिऱ्यात चारशे दिवस राहिले, तेव्हा कुठे ते जंगल त्यांच्या ओळखीचे झाले. मुलाने इतकी वाट पाहावी असे कोणी म्हणणार नाही. पण मुंगीच्या रांगेकडे पाच मिनिटे पाहण्याची जी ताकद प्रत्येक मुलात असते, ती खेळाने खर्च करू नये, एवढी अपेक्षा ठेवता येते.

कुठल्या भाषेत?

आपल्या घरांसाठी हा प्रश्न मोठा आहे. विदर्भातल्या अनेक मुस्लिम घरांत आईची बोली उर्दू-हिंदी वळणाची, अंगणवाडी मराठी आणि मोबाइलवरचा खेळ इंग्रजी. मूल तिन्हीकडून शब्द उचलते, त्यात वाईट काही नाही. लहान मुलाला दोन-तीन भाषा झेपतात. पण भाषा त्याला माणसाकडून मिळावी लागते. खेळ ‘पर्पल’ म्हणतो आणि मूल बरोबर रंगावर बोट ठेवते. पण अम्मीच्या ओढणीचा रंग कोणता, हे विचारल्यावर ते गप्प राहत असेल, तर ते रंग नव्हे, बोटाची जागा शिकले आहे.

हीच गोष्ट अलिफ-बे शिकवणाऱ्या खेळांची. आपल्याकडे कायद्याची ॲप मोठ्या श्रद्धेने लावून दिली जातात. अक्षराचा आकार ओळखायला त्यांचा थोडा उपयोग होईल. पण अलिफ आणि ऐन, छोटी हे आणि बडी हे यांतला फरक गळ्यातला आहे. बोट टेकवण्याच्या खेळाला मुलाचा उच्चार ऐकू येत नाही. चुकले तरी तो तारे पाडतो. मकतबचे हाफिजसाहेब किंवा घरातली दादी समोर बसून ऐकते, थांबवते आणि पुन्हा म्हणवून घेते. ते काम या खेळाकडून होणार नाही. विषय दीनी आहे म्हणून खेळ चांगलाच, असे धरून चालू नये. त्यालाही हीच पारख लावावी.

फुकट खेळाची किंमत

फुकट खेळाचा खर्च कुठून तरी निघत असतो, आणि बहुतेक वेळा तो जाहिरातींतून निघतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने लहान मुले वापरतात अशी १३५ ॲप तपासली. त्यांचा अहवाल २०१९ मध्ये छापून आला. त्यांपैकी ९५ टक्के ॲपमध्ये कुठल्या ना कुठल्या प्रकारची जाहिरात होती. काही ठिकाणी जाहिरात खेळाचाच भाग वाटावी अशी बेतलेली होती. एका खेळात तर मुलाने खरेदीचे पान बंद केले की त्यातले पात्र रडू लागे. चार वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि खेळ यांतला फरक कळत नाही. पात्र रडले तर त्याला खरेच वाईट वाटते. अशा खेळाने मुलाच्या दयाळूपणाचाच बाजार मांडला, असे म्हणावे लागेल.

दुसरी काळजी ‘चाक फिरवा आणि बक्षीस मिळवा’ या प्रकाराची. बंद पेटी उघडा, नशीब आजमावा, आज नाही तर उद्या पुन्हा या. यात शिक्षण काही नाही. जुगाराची जी ओढ आहे, तिचीच ही बालआवृत्ती आहे. आपल्या घरांत जुगार निषिद्ध आहे. तो कार्टूनचे कपडे घालून आला तरी ओळखता आला पाहिजे. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण खोट्या नाण्यांचे चाक मुलाच्या खेळात फिरतच असते. ते अडवणे घरच्यांच्या हाती आहे.

तिसरी बाब माहितीची. बेरीज-वजाबाकीच्या खेळाला आपले ठिकाण, संपर्कयादी, कॅमेरा कशाला हवा? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे. त्यांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना हा कायदा मनाई करतो. पण ‘परवानगी द्या’ या बटणावर बोट आपलेच पडते. म्हणून वाचून मगच दाबावे.

अर्ध्या तासाची परीक्षा

मुलाच्या हाती देण्यापूर्वी खेळ स्वतः पारखावा. त्याला फार शिक्षण लागत नाही. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी :

१. आधी स्वतः दहा मिनिटे खेळा. किती जाहिराती आल्या, पैसे कुठे मागितले, बाहेर नेणारी बटणे कुठे आहेत, ते मोजा. जाहिरात मुलाच्या नजरेस पडू नये अशी असेल तर खेळ तिथेच काढून टाका.

२. डोळे मिटून पडद्यावर कुठेही बोटे मारा. तरीही खेळ पुढे सरकला आणि शाबासकी मिळाली, तर तो काही शिकवत नाही.

३. मुद्दाम चूक करा. चांगला खेळ पुन्हा संधी देतो, सोपे करून दाखवतो. वाईट खेळ नुसता भोंगा वाजवतो किंवा लक्षही देत नाही.

४. फोन फ्लाइट मोडवर टाकून पाहा. नेटशिवाय चालणारा खेळ असला तर जाहिरातींचा उपद्रव बराच कमी होतो.

५. शेवट आहे का ते पाहा. गोष्ट संपली, खेळ संपला, असे मुलाला कळावे. जो खेळ आपोआप पुढचा, त्याच्या पुढचा डाव सुरू करत राहतो, त्याच्यापासून मुलाला सोडवताना रोज रडारड होणार.

६. मुलासोबत एकदा खेळा आणि फोन बाजूला ठेवून प्रश्न विचारा. खेळात ‘तीन’ शिकवले असेल तर सांगा, ‘टोपलीतून तीन कांदे आण.’ गोल आकार शिकवला असेल तर घरातल्या गोल वस्तू शोधायला लावा. आणले, शोधले, तर खेळ उपयोगी. जमले नाही तर मुलाला रागावू नका, खेळ बदला.

या सहांत शेवटची परीक्षा सर्वांत मोठी. फोन बंद झाल्यावर मुलाजवळ काय उरले, यावरूनच खेळाची किंमत ठरते.

मग द्यावे तरी काय?

चांगल्या गोष्टीही आहेत. प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून सुरू आहे. त्यावर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत चित्रकथा मोफत वाचायला मिळतात. हा खेळ नव्हे, पण मांडीवर मूल घेऊन वाचून दाखवायला याहून सोपे साधन नाही. ‘खान अकॅडमी किड्स’ हे ॲप मोफत आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. मात्र ते इंग्रजीत आहे, त्यामुळे शेजारी बसून आपल्या भाषेत बोलणारे कोणीतरी हवे. गूगलचे ‘रीड अलाँग’ मुलाचे वाचन ऐकते आणि त्यात मराठी व उर्दू आहे. पण ते अक्षरओळख झालेल्या, साधारण पाच वर्षांपुढील मुलांसाठी बरे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला. त्यात बाहुल्या, कोडी, खेळणी, चित्रे आहेत. सरकारने मुलांच्या शिक्षणासाठी पेटी भरली, तेव्हा तीत आधी हाताळायच्या वस्तू घातल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्या अंगणवाडीत काय साहित्य आले आहे, ते सेविकाताईंना जरूर विचारा.

ज्या आईला विड्या वळायच्या आहेत, रोवणीला जायचे आहे, तिला ‘मुलासोबत बसा’ सांगणे सोपे आणि बसणे कठीण, हे आम्ही जाणतो. म्हणून ही जबाबदारी एकट्या आईवर टाकू नये. अब्बूंनी इशा आणि जेवणाच्या मधली पंधरा मिनिटे द्यावीत. दादा-दादींना खेळ नाही समजला तरी गोष्ट सांगता येते. दहा-बारा वर्षांच्या भावंडाला वरची सहा कलमे शिकवली, तर घरातला पहिला परीक्षक तेच होईल.

एक खेळ फोनशिवायचा सुचवतो, नागझिऱ्याच्या नावाने. जुन्या वहीच्या पानांवर आपल्या भागातले दहा प्राणी-पक्षी काढा : वाघ, अस्वल, रानगवा, चितळ, वानर, मुंगूस, खार, मोर, सारस, घुबड. चित्र वाकडे आले तरी चालेल. मग खेळ सुरू. कोण झाडावर राहतो, कोण जमिनीवर? कोण गवत खातो, कोण शिकार करतो? कोणाला पाहून चितळ ओरडेल? कोण आपल्या अंगणात येतो? प्रत्येक नाव अम्मीच्या बोलीत, मराठीत आणि हवे तर इंग्रजीत घ्या. मूल चार दिवसांत तुमच्या चुका काढू लागेल. मुंबई-पुण्याचे किंवा कोकणातले वाचक आपल्या भागातले प्राणी घेतील. कावळा, मांजर, खेकडा, बगळा, काहीही चालेल.

त्यानंतर त्याच प्राण्यांचा एखादा चांगला खेळ मोबाइलवर सापडला, तर खुशाल पंधरा मिनिटे खेळू द्या. तोवर मुलाला चितळ माहीत झालेले असेल, आणि पडद्यावर चुकीचे चित्र आले तर तेच तुम्हाला सांगेल.